नव्या आवृत्तीची दवंडी

नवी वस्तु बाजारांत आणून तिची दवंडी पिटणें हें काम फारसें अवघड नाहीं. परंतु जी वस्तु लोकांच्या घरांत वर्षानुवर्षें नांदत आहे, जिच्याशीं त्यांच्या मैत्रीच्या आणि तारुण्याच्या आठवणी निगडित झाल्या आहेत, तिचीच नवी आवृत्ति जाहीर करणें हें मोठें नाजूक काम होय. धाकटी सून घरांत आल्यावर तिचें कौतुक अवश्य करावें. परंतु थोरलीच्या देखत, थोरलीच्या स्वयंपाकाला नांवें ठेवून तें करूं लागल्यास घराची शांति किती दिवस टिकेल, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

हा विचार आमच्या मनांत प्रथम आला तो एका अमेरिकन खेळामुळें. २००७ सालीं आम्ही नोकरीनिमित्त त्या देशांत राहत होतों, आणि दर शनिवारीं रात्रीं सहा जणांच्या मंडळींत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळत असूं. या खेळांत पट असलाच तर नांवापुरता. कोणी जिंकत नाहीं कीं हरत नाहीं. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेऊन आपण काय करतों तें बोलतात, आणि यशापयशाचा निकाल वीस पैलूंचा फांसा देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे नियम जाडजूड पुस्तकांत छापलेले असतात, आणि आवृत्त्या निघतात त्या या पुस्तकांच्या. दुसरी आवृत्ति १९८९ सालीं निघाली. पुढें १९९७ सालीं ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें मूळची ‘टीएसआर’ कंपनी विकत घेतली, २००० सालीं तिसरी आवृत्ति काढली आणि २००३ सालीं तीच सुधारून पुन्हां छापली.

अशा स्थितींत ऑगस्ट २००७ मध्यें, इंडियानापोलिस येथें भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या खेळांच्या मेळाव्यांत, चौथी आवृत्ति पुढल्या वर्षीं येणार असें जाहीर झालें. नव्या आवृत्तीचे गुण सांगण्यासाठीं जे लहान चित्रपट दाखविण्यांत आले, त्यांत जुन्या आवृत्त्यांची यथेच्छ थट्टा होती. तिसऱ्या आवृत्तींतील झोंबाझोंबीचे नियम क्लिष्ट होते, हें खरें. पण ज्यांनीं ते कष्टानें पाठ केले होते त्यांनाच हंसावयास लावण्याचा हा प्रयत्न होता. ‘नोम’ नांवाची बुटक्यांची जात पहिल्या पुस्तकांतून वगळली गेली, आणि एका व्यंगचित्रपटांत तोच वगळलेला नोम तक्रार करतांना दाखविला गेला. ज्यांचें आवडतें पात्रच नोम होतें, त्यांना हा विनोद कसा रुचावा? त्याच सुमारास, १९७६ पासून निघणारें ‘ड्रॅगन’ आणि त्याचें भावंड ‘डन्जन’ हीं मासिकें छापील स्वरूपांत बंद झालीं. जखम ताजी असतांनाच तिच्यावर मीठ पडलें.

आमच्या मंडळींत या बातमीनें जो कल्लोळ माजला, तोच लहानमोठ्या प्रमाणांत ठिकठिकाणीं माजला असावा. कोणी पैशाचा हिशेब मांडला: चार वर्षांपूर्वींच घेतलेलीं पुस्तकें आतां रद्दींत जावयाचीं काय? कोणी शपथ वाहिली कीं, एक दमडी देणार नाहीं. गंमत अशी कीं, यांपैकीं एकानेंहि नवें पुस्तक पाहिलेलें नव्हतें, कारण तें छापून व्हावयाचें होतें. जाहिरातदार जुन्याची अवहेलना करीत होते, तर रसिक न वाचलेल्या नव्याची. पुस्तकें जून २००८ मध्यें आलीं तेव्हां त्यांत गुणहि दिसले. सर्व पात्रांचें बळ सारखें राखण्याचा प्रयत्न होता, आणि सूत्रधाराची तयारी पुष्कळ हलकी झाली होती. आमच्यांतील सोळा वर्षांच्या मुलाला तर जुने नियम कधींच उमगले नव्हते. तो या आवृत्तीनेंच खरा खेळूं लागला. त्याच्या लेखीं हीच पहिली आवृत्ति होती.

परंतु आमच्या सूत्रधाराची गोष्ट निराळी. हे एक सेवानिवृत्त शिक्षक होते. ‘फर्गॉटन रेल्म्स’ नांवाच्या कल्पित सृष्टींत त्यांनीं वीस वर्षें कथा रचिल्या होत्या. नकाशे, वंशावळी, सरायांच्या मालकांचीं नांवें, सारें वह्यांत टिपून ठेविलें होतें. नव्या आवृत्तीबरोबर प्रकाशकांनीं त्या सृष्टीचा काळ सुमारें शंभर वर्षें पुढें ढकलला आणि मध्यें एक महाउत्पात घातला. शिक्षक महाशय रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, “माझ्या ओळखीचीं सगळीं माणसें एका पुस्तकांत मेलीं.”

यावर ठराविक उत्तर असतें कीं, जुनीं पुस्तकें कोणी हिरावून नेत नाहीं, आपण खुशाल तींच खेळावीं. हें उत्तर बरोबर आहे, पण अपुरें आहे. असा खेळ हा भाषेसारखा असतो. व्याकरण कपाटांत शाबूत राहिलें तरी बोलावयास दुसरें माणूस लागतें. दुकानांत नवें पुस्तक मिळूं लागलें कीं, नवे खेळाडू तेंच शिकून येतात, आणि जुन्याच्या भोंवतालची मंडळी हळूहळू विरळ होत जाते. आमचीहि झाली. चौघे नव्याकडे गेले. शिक्षक महाशय आणि आम्ही जुन्याजवळ राहिलों, आणि दोघांनीं तो खेळ फार दिवस चालत नाहीं.

पुढें जें झालें त्यावरून रसिकांचा राग केवळ पोकळ नव्हता असें दिसतें. तिसऱ्या आवृत्तीचे नियम २००० सालींच इतरांस वापरण्याची मोकळीक देऊन प्रसिद्ध झाले होते. त्यांच्याच आधारें ‘पेझो’ या कंपनीनें २००९ सालीं ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला. हीं दोन्ही मासिकें शेवटचीं कांहीं वर्षें हीच कंपनी चालवीत होती. जुन्या रसिकांस नवें घर मिळालें. आणि पांचव्या आवृत्तीच्या वेळीं विझर्ड्सनें रीत बदलली: जानेवारी २०१२ मध्यें घोषणा करतांना जुन्याची टवाळी न करतां लोकांचें मत मागितलें, त्याच वर्षीं नियमांचे कच्चे खर्डे खेळून पाहण्यास दिले, आणि २०१४ सालीं पुस्तकें काढलीं. त्या आवृत्तीचें जें स्वागत झालें, त्यांत या नम्रतेचा वांटा मोठा होता, असें आम्हांस वाटतें.

विक्रेत्यानें नवें आणूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. नव्यावांचून त्या सोळा वर्षांच्या मुलासाठीं दार उघडलें नसतें. आमचें मागणें इतकेंच कीं, दार उघडतांना आंत बसलेल्या वडीलधाऱ्यांस हंसूं नये. आणि रसिकांनींहि पुस्तक हातीं येईपर्यंत शपथा राखून ठेवाव्या. शिक्षक महाशयांनीं मात्र वाद घातला नाहीं. त्यांनीं त्या मुलाला आपल्या वह्या वाचावयास दिल्या, आणि शंभर वर्षांपूर्वीं त्या सरायांत कोण राहत असे, तें तो आपल्या नव्या खेळांत सांगूं लागला.