नाझिया हसनचा आवाज वाया गेला का?

नाझिया हसनचा विषय निघाला की आमच्यात दोन गट पडतात. एक म्हणतो, शरीफ घराण्यातल्या मुलीने डिस्को गायलाच नको होता. दुसरा हळहळतो, एवढा आवाज होता, वाया गेला! मला दोन्ही पटत नाही.

तिची कारकीर्द नीट बघा. १९६५ साली कराचीत जन्मलेली ही मुलगी लंडनमध्ये शिकत होती. मूळचा बंगळूरचा आणि लंडनमध्ये नाव कमावलेला संगीतकार बिड्डू याने फिरोज खानच्या ‘कुर्बानी’साठी तिच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं. १९८० मध्ये चित्रपट आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. या गाण्याने तिला पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. १९८१ मध्ये भाऊ झोहेबसोबत ‘डिस्को दीवाने’ आला आणि चित्रपटाचा आधार नसलेली पॉप गाणी आपल्याकडेही घरोघर वाजली. ‘यंग तरंग’, ‘हॉटलाइन’ करत १९९२ मध्ये ‘कॅमेरा कॅमेरा’ आला. तो शेवटचा.

या काळात पाकिस्तानात बराच काळ झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती. तरी ती गात राहिली आणि शिकतही राहिली. तिने कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. १३ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने लंडनमध्ये तिचं निधन झालं, तेव्हा ती अवघी ३५ वर्षांची होती. मृत्यू अकाली होता, यात शंका नाही. पण म्हणून बारा वर्षांचं काम अर्धवट कसं ठरतं?

माझी थोरली आपा कॉलेजात छान गायची. शिक्षिका झाल्यावर तिने स्टेज सोडलं. नातेवाईक म्हणाले, ‘सुधारली.’ मैत्रिणी म्हणाल्या, ‘वाया गेली.’ आपाला कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “गायचं होतं तेव्हा गायले. मग शिकवावंसं वाटलं.”

मुलगी गाते तेव्हा तिच्या शराफतीवर आणि थांबते तेव्हा तिच्या हिमतीवर आपण शंका घेतो. गाणं हा तिच्या आयुष्याचा एक भाग असू शकतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर निकाल देण्याआधी तिला एकदा विचारा.