रविसांबाचे लेणे

फर्दापूरहून अजिंठ्याला आलेला प्रवासी पायऱ्या चढून वर पोहोचला की वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा वाकलेला कडा त्याच्यासमोर उलगडतो. बहुतेकांची पावले पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्राकडे वळतात. परंतु ही कला कोणत्या दुःखातून उभी राहिली हे ज्याला जाणायचे आहे, त्याने सतराव्या लेण्याच्या दर्शनी भागातील संस्कृत शिलालेखासमोर थांबावे.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, या प्रदेशावर राज्य करणाऱ्या मांडलिक घराण्याची वंशावळ त्या लेखात दिली आहे. कृष्णदास राजाच्या दोन पुत्रांनी अश्मकादी देश जिंकले आणि पुढे धाकटा रविसांब मरण पावला, तेव्हा थोरल्याच्या मनात अनित्यतेचा, म्हणजे जे उत्पन्न झाले ते नष्ट होणारच या बौद्ध तत्त्वाचा, विचार रुजला. त्याने हा विहार, थंड पाण्याची पोढी म्हणजे कातळातील टाके, आणि बुद्धाचे निवासस्थान या कल्पनेने घडवलेली गंधकुटी खोदविली. एकोणिसावे लेणे म्हणजेच ती गंधकुटी, असे मानतात. लेखाची अक्षरे जागोजागी झिजली असून त्यांत नेमके या दात्याचेच नाव गेले आहे. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी त्याला उपेंद्रगुप्त म्हटले, पण ते अनुमान होय. ज्याच्यासाठी शोक झाला त्या धाकट्याचे नाव मात्र आजही वाचता येते.

ओवरीच्या डाव्या टोकाला भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचे फिरते चाक, रंगवलेले होते. त्याचा बराच भाग गळून पडला आहे. तरीही अजिंठ्याची मूळ चित्रे कड्यात तगली आणि ती जपण्यासाठी चित्रकार रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

कड्याच्या पलीकडच्या अंगाला असलेले सव्विसावे लेणे हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनास्थान, बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मकराजाचा मंत्री भव्विराज आणि स्वतःचे मातापिता यांच्या पुण्यार्थ घडवले. सतराव्या लेण्यात पराभूत म्हणून आलेले अश्मक येथे पुण्याचे वाटेकरी आहेत. डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाण, म्हणजे बुद्धाचा देहत्याग, कोरला आहे: सुमारे ७ मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती, खाली शोकाकुल अनुयायी, वर आनंदाने वाद्ये वाजवणारे देवगण, आणि मस्तकाच्या भाराने दगडी उशीला पडलेला हलकासा खळगा.