पायाखालचा झीलकरी

शाहीर पोवाडा गाऊं लागला म्हणजे त्याच्या मागें झीलकरी उभे असतात. शाहिरानें एक ओळ टाकावी व त्यांनीं ती उचलून लांबवावी, म्हणजे शाहिरास दम घेण्यास अवसर मिळतो आणि ऐकणारांच्या मनांत ती ओळ ठसते. कीर्तनांतही टाळकऱ्यांनीं ध्रुपद धरून ठेवलें नाहीं तर बुवांचें निरूपण उघडें पडतें. आपल्याकडील गाणें असें सोबत्यांच्या आधारानें वाढलेलें आहे. अलीकडे गिटार वाजविणारांच्या पायाखालीं असाच एक झीलकरी आला आहे. त्यास ‘लूपर’ म्हणतात. तो थोड्या पैशांत कसा पारखून घ्यावा, ह्याविषयींचा आमचा अनुभव विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

घोडेगांव हें अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें गांव. कांद्याचा व जनावरांचा बाजार ही त्याची ख्याति. ह्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं भजनें पिढ्यान्‌पिढ्या गाइलीं जात आहेत, व तीं पेटी, तबला आणि झांजा यांवरच शोभतात. आमच्या लहानशा प्रार्थनामंडळीतही पेटी, तबला व दोन गिटारी होत्या. पुढें तबलजी नोकरीनिमित्त पुण्यास गेला. दुसरा गिटारवाला चाकणच्या कारखान्यांत लागला. पेटी वाजविणारी मुलगी लग्न होऊन सासरीं गेली. आम्ही तेवढे मागें उरलों. एका गिटारीवर ठेका धरावा तर चाल सुटते, आणि चाल वाजवावी तर ठेका सुटतो. ही अडचण कशी दूर होईल ह्या विचारांत असतां लूपरचें नांव पुढें आलें.

लूपर म्हणजे तळहातावर मावेल एवढी धातूची डबी. तिच्या एका बाजूस गिटारीची केबल व दुसऱ्या बाजूस ध्वनिवर्धकाची केबल लावतात. पायानें बटण दाबलें कीं ती ध्वनि साठवूं लागते. दुसऱ्यांदा दाबलें कीं साठविलेला तुकडा पुनःपुन्हां वाजूं लागतो. तिसऱ्यांदा दाबलें कीं त्यावर दुसरा थर चढतो. प्रथम ठेका, मग खालचे सूर, आणि त्यांवर प्रत्यक्ष चाल, असें तिघांचें काम एकटा मनुष्य करूं शकतो. ही युक्ति जुनी आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनीं १९६३ सालीं पॅरिस येथें दोन टेपयंत्रांतून एकच फीत फिरवून आवर्तनांचा असा खेळ केला होता. हेच गृहस्थ १९७० सालीं किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. इंग्रज गायक एड शीरन यानें जुलै २०१५ मध्यें लंडनच्या वेम्ब्ले मैदानांत तीन रात्रीं बव्हंशीं एकट्यानें, गिटार व लूपर यांच्या बळावर, गाऊन दाखविलें. जानेवारी २०२५ मध्यें पुण्यासही त्याचें गायन झालें.

आमच्या हातीं कांद्याच्या पट्टीतून बाजूस काढलेले पांच हजार रुपये होते. एवढ्या पैशांत घरांतील दुसऱ्या दहा गरजा भागल्या असत्या, म्हणून वडिलांनीं सरळ विचारलें, “डबीच वाजविणार, तर मग तूं काय करणार?” प्रश्न मार्मिक होता व त्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. तरी त्यांनीं पैसे दिले, आणि एक गोष्ट बजावली: म्हैस घेतों तशी घे.

बाजारांत म्हैस घेणारा शहाणा शेतकरी शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाहीं. आपल्याला किती दूध हवें तें तो घरूनच ठरवून येतो. मग दांत पाहतो, जनावर चालवून पाहतो, आणि धार काढून पाहिल्यावांचून सौदा करीत नाहीं. आम्हीही प्रथम गरजेचें माप काढलें. केरव्यास आठ मात्रा. मिनिटास १२० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन ४ सेकंदांत होतें, व चार आवर्तनें १६ सेकंदांत. संथ भजनाच्या ६४ मात्रा मिनिटास ८० च्या लयीनें ४८ सेकंदांत संपतात. म्हणजे आमची गरज मिनिटाच्या आंतली. टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीचा ‘डिटो’ नांवाचा लहान लूपर ५ मिनिटें साठवितो. बॉस कंपनीचा ‘आरसी-१’ १२ मिनिटें साठवितो. त्याहून मोठीं यंत्रें तासांच्या गोष्टी बोलतात व ढोलाचे तयार ठेकेही देतात. हीं यंत्रें नामांकित खरीं, पण आमच्या पांच हजारांत बसणारीं नव्हतीं. शिवाय जी मिनिटें कधीं वापरावयाचींच नाहींत, त्यांसाठीं पैसे कां मोजावे? एका बटणाचें साधें यंत्र आम्हांस पुरेसें होतें.

दुसरें माप जोडखर्चाचें. नवशिका लूपरची किंमत पाहतो व बाकीचें विसरतो. साध्या लांकडी गिटारीचा आवाज लूपरमध्यें आपोआप शिरत नाहीं. त्यासाठीं गिटारीस पिकअप बसवावा लागतो. केबली दोन लागतात. अशीं बहुतेक लहान यंत्रें सेलवर चालत नाहींत. त्यांस ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि त्याच्या टोंकाचा मधला ध्रुव बहुधा ऋण असावा लागतो. घरांत पडलेला कोणताही अडॅप्टर लावून पाहूं नये. यंत्र जळण्याचा संभव असतो. वीज वारंवार जाणाऱ्या गांवीं पॉवर बँकेवरून ९ व्होल्ट देणारी केबल मिळते, तीही ध्यानांत ठेवावी. आमचा हिशेब असा झाला: लूपर ३,४०० रुपये, पिकअप ५५०, दोन केबली ६००, अडॅप्टर ३५०; एकूण ४,९००. ध्वनिवर्धक मंडळीचा होताच.

तिसरी गोष्ट धार काढून पाहण्याची. दुकानांत आम्ही आपली गिटार घेऊन गेलों व चार परीक्षा केल्या. एक ठेका साठवून तो वीस वेळां वाजूं दिला व सांध्यावर खट्‌ असा आवाज येतो काय, तें ऐकलें. त्यावर चार थर चढवून खरखर वाढते काय, तें पाहिलें. बटण दाबतांच यंत्र चालतें कीं पाय उचलल्यावर, हें तपासलें. कारण उचलल्यावर चालणारें यंत्र लयीस दगा देतें. शेवटीं वीज काढून पुन्हां लावली व साठविलेलें टिकतें काय, तें पाहिलें. पहिल्या यंत्राच्या सांध्यावर स्पष्ट खटका होता. तें परत केलें. दुसरें उतरलें, तेंच घेतलें. ज्यांजवळ पैसे मुळींच नाहींत त्यांनीं मोबाइलवरील लूपरचें मोफत ॲप महिनाभर वापरून पाहावें. वाजवितांना हात मोकळा नसतो, म्हणून सभेंत त्याचा उपयोग थोडा. पण आपल्याला ह्या वस्तूची खरी गरज आहे किंवा कसें, हें त्यावरून कळून येतें.

घरीं आल्यावर यंत्राचा खरा स्वभाव कळला. चार सेकंदांच्या आवर्तनांत बटण दाबण्यास एक दशांश सेकंद उशीर झाला, तर तो खळगा मिनिटांत पंधरा वेळां पायाखालीं येतो. माणूस सोबती असला तर तो आपली चूक झांकून घेतो. तबलजी अर्धी मात्रा थांबतो, पेटीवाला सूर लांबवितो. लूपर कांहीं झांकीत नाहीं. जें द्यावें तेंच तो परत देतो. म्हणून यंत्र लावण्यापूर्वीं रोज पंधरा मिनिटें टाळीवर लय मोजण्याचा नेम आम्हीं ठेवला, आणि चार-सहा महिन्यांत आमच्या हातास जी स्थिरता आली ती त्यापूर्वीं कित्येक वर्षांत आली नव्हती.

परंतु मंडळी गाऊं लागली कीं निराळाच अनुभव येई. म्हाताऱ्या बायका एखाद्या ओळीवर गहिंवरून थांबतात, मुलें पुढें धांवतात, आणि गीत सर्वांना सांभाळीत आपल्या चालीनें चालतें. लूपर कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून उपासनेपूर्वींचें वादन त्याच्या साथीनें करावें, व पहिली ओळ उठतांच पायानें त्यास गप्प करावें, असा आम्हीं शिरस्ता ठेवला.

त्या वादनाच्या वेळीं नववींतील एक मुलगा जवळ येऊन बसूं लागला. त्यास आम्हीं एक ठेका साठवून दिला; तो त्यावर तासच्या तास न कंटाळतां हात बसवी. माणसास एवढा वेळ तोच ठेका धरवला नसता, डबीस धरवला. वर्षभरांत तो मुलगा चांगला तयार झाला. आतां दर रविवारीं ठेका तो धरतो, चाल आम्ही वाजवितों, आणि वडिलांस उत्तर मिळालें आहे. डबी आठवडाभर घरीं मुलांच्या पायाखालीं असते. रविवारीं ती पेटींतच राहते.