नव्वद दिवस कुठून मोजायचे?

संपादकांनी बजावलं आहे, कलमं कमी लिहा. प्रयत्न करतो. पण कामावरून काढलेला माणूस उशिरा दाद मागायला आला तर त्याचं काय करायचं, हा प्रश्न कलमांना वगळून सांगता येत नाही, आणि सध्या तो मला स्वस्थ बसू देत नाही.

मी बोरगाव मेघेत राहतो आणि कामगारांच्या केसेस चालवतो. मार्चच्या सुरुवातीला जिनिंगमधला एक कामगार आला. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी हंगामाला जायचा. एप्रिलअखेर हंगाम संपला तेव्हा सगळ्यांसारखा तोही घरी गेला. दिवाळीनंतर कापूस यायला लागला, बाकीच्यांना निरोप गेले, याला नाही. गेटवर गेला तर, ‘ठेकेदार म्हने, थांब, माल वाढला का बोलावतो तुले.’ तो थांबला. मालक आता म्हणतो, एप्रिलमध्येच हिशेब झाला होता.

महाराष्ट्राच्या 1971च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात कलम 28प्रमाणे तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते. योग्य आणि पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट नंतरही घेऊ शकतं. मालकाच्या हिशेबाने आम्हाला सात-आठ महिने उशीर झाला, माझ्या हिशेबाने जेमतेम चार आठवडे. काढल्याचं पत्र नाही, तारीख नाही. जिथे माणसाला ‘बघू’ म्हणून काढतात, तिथे घड्याळ कधी सुरू झालं हे काढणाऱ्यानेच ठरवावं का? विलंब माफीच्या अर्जावर अजून निकाल नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

लोकांचे गैरसमज मात्र फार. युनियनने पत्र दिलं, कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज पडला, म्हणजे मुदत थांबली असं समजतात. थांबत नाही. उशीर माफ झाला म्हणजे केस जिंकली असंही समजतात. त्याने फक्त दार उघडतं.

दार किती उघडं ठेवायचं, यावर सर्वोच्च न्यायालयातही एकवाक्यता नाही. हे जरा सविस्तर सांगतो. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात सरकार विवाद कधीही न्यायालयाकडे पाठवू शकत असे. अजायब सिंग या कामगाराला 1974मध्ये काढलं, त्याने परत घेण्याची मागणी केली 1981मध्ये. 1999च्या निकालात न्यायालय म्हणालं, मुदतीचा सर्वसाधारण कायदा इथे लागू नाही. उशिराची किंमत थकीत पगारातून वळती केली, नोकरी वाचली. पुढच्याच वर्षी नेदुंगडी बँकेच्या खटल्यात तितकाच, सात वर्षांचा उशीर, आणि निकाल उलटा: विवाद शिळा झाला. 2015मध्ये प्रभाकर खटल्यात चौदा वर्षांनंतर विवादच उरला नाही असं ठरलं.

मला अजायब सिंगांचा निकाल न्याय्य वाटतो. मालकाचीही अडचण खरी असते. मस्टर सापडत नाही, साक्षीदार गाव सोडून जातात. पण त्याचं माप पगार कापून घेता येतं. केसच ऐकली नाही, तर काढणं योग्य होतं की नाही हे कधी तपासलंच जात नाही. चौदा वर्षांबद्दल मी भांडणार नाही. चार आठवड्यांसाठी एकेका दिवसाचा खुलासा मागणं मला अन्याय वाटतो.

1947च्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीने कामगाराला थेट न्यायालयात जायला तीन वर्षं दिली. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती दोनवर आणली. दोन वर्षं नव्वद दिवसांपेक्षा पुष्कळ, असं मित्र म्हणतात. खरं आहे. पण सरकारमार्फत ‘कधीही’ जाण्याची जुनी वाट संहितेने बंद केली, याची चर्चा होत नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे.

तोवर कामगारांना एवढंच सांगतो: गेटवरून परत पाठवलं की त्याच आठवड्यात मालकाला दोन ओळी लिहा, मी कामाला आलो होतो, घेतलं नाही. तारीख घाला, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मग ‘बघू’ला तारीख चिकटते, आणि ती तुम्ही घातलेली असते.