तांबडा थर

चि. मनूस,


तुझा फोन ठेवला आणि त्या रात्री झोपच आली नाही. "मावशी, डिसेंबरात आम्ही सहा जण नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड करतोय. तू केली होतीस ना? दोर किती मीटरचा घेऊ?" एवढंच विचारलंस. दोराचं सांगायचं तर तो तुमच्याबरोबर येणाऱ्या, ती वाट आधी केलेल्या माणसानं ठरवावा. तसा माणूस बरोबर नसेल तर यंदा जाऊ नका. पण मला सांगायचंय ते निराळंच आहे, आणि ते फोनवर बोलताना सुटून गेलं असतं, म्हणून लिहायला बसले.

कल्याणहून मुरबाडमार्गे मोरोशीला पोचशील तेव्हा गाडीतून उतर आणि समोरच्या कड्यांकडे निवांत बघ. काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतील, घडी घालून ठेवलेल्या घोंगड्यांसारखे. मग जरा डोळे बारीक करून दोन थरांच्या मध्ये बघ. कुठे कुठे विटकरी रंगाची पट्टी दिसेल. कधी हातभर जाडीची, कधी त्याहून जास्त. मला जे सांगायचंय ते सगळं त्या पट्टीत आहे.

आपला सह्याद्री हा ज्वालामुखीचा डोंगर आहे हे शाळेत पाठ केलं होतंस. पण पुस्तकात धूर ओकणाऱ्या शंकूचं चित्र असतं आणि इथं तसं काही दिसत नाही, म्हणून ते मनात उतरत नाही. इथं शंकू नव्हताच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला. तो पसरला, थिजला. मग कधी थोडा, कधी बराच काळ शांततेत गेला. पुन्हा लोट आला. आजही या दगडानं जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलेला आहे. मधल्या त्या शांत काळात उन्हापावसानं वरचा दगड कुजला, त्याची माती झाली. पुढचा लोट त्या मातीवरून गेला तेव्हा ती दाबली गेली, भाजली गेली. तीच ही तांबडी पट्टी. दोन लोटांमधल्या विसाव्याची खूण म्हण हवं तर.

कातळ टणक आणि ही पट्टी मऊ. पाऊस मऊ भाग आधी पोखरतो, मग त्याच्या वरचा कातळ आधार सुटून कोसळतो. म्हणून आपल्या डोंगरांना असा पायऱ्यापायऱ्यांचा आकार आहे. डेक्कन ट्रॅप या नावातला 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय. कड्याच्या पोटातून आडव्या जाणाऱ्या वाटा, जनावरांच्या असोत की माणसांच्या, बऱ्याचदा अशाच मऊ थरावर पडलेल्या असतात. तिथं पाऊल ठेवण्याइतकी जागा मिळते. वरच्या कातळातल्या भेगांतून झिरपलेलं पाणी या चिकणमातीशी येऊन अडतं आणि बाहेर पडतं, म्हणून ऐन उन्हाळ्यात एखादा झराही तिथंच सापडतो. पाऊलवाट देणारा हा थर, पाणी देणारा हा थर. आणि हातात धरला की निसटून येणाराही हाच.

हे मला कळलं ते १९९१च्या जानेवारीत. आईला तेव्हा अर्धंच सांगितलं होतं, तुला पूर्ण सांगते.

आम्ही पाच जण पहाटे चारला पायथ्याच्या बेलपाड्याहून निघालो. नळीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, पायाखाली माठापासून बैलगाडीएवढे धोंडे, मध्येच घसारा. उजाडलं तरी ऊन नव्हतं, कारण कडा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. दुपारपर्यंत नळी सावलीत असते. अकराच्या सुमारास एका कातळटप्प्यापाशी मी पुढे होते. वर काळा दगड चांगला होता, पण त्याच्यापर्यंत पोचायला डावीकडे तांबड्या पट्टीवरून चार पावलं आडवं जायचं होतं. मी जाताना तिच्यात रुतलेला एक दगड धरला. चांगला घट्ट वाटला. भार टाकला आणि तो दात पडावा तसा निघून आला. मी कशीबशी तोल सावरून राहिले, "दगड!" म्हणून ओरडलेही. नारळाएवढा होता. खाली एकच टप्पा घेतला आणि माझ्या मागच्या मुलाच्या दंडावर बसला. त्याच्या हाडाचा आवाज मला वर ऐकू आला.

नळीतून जखमी माणसाला घेऊन खाली उतरणं चढण्यापेक्षा अवघड. म्हणून त्याला वरच नेलं. एकानं पुढून दोर धरायचा, दोघांनी मागून आधार द्यायचा. माथ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडून गेला होता. गडावरच्या देवळापाशी रात्र काढली. त्यानं एकदाही मला काही म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. पहाटे आमच्यातला एक जण धावत खाली पाचनई गावात गेला. तिथली महादेव कोळी माणसं, आमची ना ओळख ना पाळख, घोंगडीची झोळी करून त्याला खाली घेऊन आली. पैसे द्यायला लागलो तर घेईनात. आज डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची पोरं आपापली कामं टाकून धावतात, तेव्हा मला ती झोळी आठवते. त्यांच्या जिवावर आपण डोंगरात जायचं नाही, मनू. ती माणसं आहेत हे माहीत असूनही, ती नाहीतच असं समजून तयारी करायची.

तेव्हा हे ऐक. हेल्मेट सगळ्यांना, ज्याच्याकडे नसेल त्यानं घरी राहायचं. घसाऱ्यावर एकमेकांना चिकटून चाला, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग घ्यायला अंतर मिळत नाही. कातळटप्प्यावर मात्र एकानं चढायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या रेषेतून बाजूला, भिंतीच्या आडोशाला थांबायचं. वर वानरं दिसली तर जपा, तीही दगड पाडतात. आग्या मोहोळं कड्याला लटकलेली असतात; अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. हात टाकण्याआधी दगडावर बोटांनी ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर सोड. आणि परतायचं ठरवायचं असेल तर ते नळीच्या तोंडाशीच ठरवा, आत शिरून अर्ध्यावर नाही. बेलपाड्यातला वाटाड्या घ्या आणि तो "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

वर पोचलात की कोकणकड्याच्या काठावर पालथं झोपून बघ, उभ्यानं नको. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, खालून येणारा वारा तोंडावर आदळतो. फोटो मग काढ. दुसऱ्या दिवशी केदारेश्वराच्या गुहेत उतर. कंबरभर पाणी, इतकं गार की पाय बधिर होतात. मधोमध मोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते, त्यांतला एकच धड आहे. तिथं भिंतीला तळहात लावून उभी राहा. ज्या दगडात ती गुहा खोदली तोही असाच एक थिजलेला लोट आहे. माणसांनी छिन्नीनं त्यात देवाला जागा केली आणि चांगदेव इथं येऊन राहिले. मी दर खेपेला तिथं गेले की काही वेळ बोलायचंच विसरते.

पाकिटात कागदाच्या पुडीत एक तुकडा ठेवलाय. त्या दिवशी माझ्या सॅकच्या कप्प्यात माती शिरली होती, तिच्यात सापडला. इतकी वर्षं कपाटात आहे. बोट ओलं करून त्यावर घास. तांबडं लागेल. मग तेच घराबाहेरच्या काळ्या दगडावर करून बघ. नळीत हात टाकताना हा फरक बोटांना आठवला पाहिजे.

पाचनईला उतरलात की फोन कर. कितीही रात्र झाली तरी मी जागी असेन.

तुझी
मावशी