काळ्या चौकटीचं काम

ज्या देशात भिंतीतली शेकोटी नव्हती, त्या देशाच्या नावावर शेकोटीपुढचे पडदे खपले. जुन्या जपानी घरात विस्तव जमिनीत असे. खोलीच्या मधोमध चौकोनी खड्डा, त्यात राख, राखेत निखारे, वर छताला टांगलेल्या आकड्याला किटली. नाहीतर हात शेकायला राख भरलेलं भांडं, त्याला हिबाची म्हणतात. माणसं चारी बाजूंनी बसणार. मग पडदा लावायचा कुणीकडून? धुराडं असलेली, भिंतीत बांधलेली फायरप्लेस ही युरोपातल्या थंडीची सोय. तिच्यापुढे बसलं की पाठ गार पडते आणि तोंड भाजतं, म्हणून मधे एक चौकट उभी करायची. उन्हाळ्यात शेकोटी बंद असली की तिचं काळं तोंड झाकायलाही तीच.

माझं दुकान जाफराबादला. दारं-खिडक्या, देव्हारे, पलंग ही रोजची कामं. जुन्या लाकडाची दुरुस्ती हा आधी नाद होता, आता त्याचेही पैसे मिळतात. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तिथे फायरप्लेसचं नाव काढलं तर लोक हसतील. पण जुन्या सामानाचे व्यापारी कुठून कुठे माल फिरवतात याला धरबंध नाही. महाबळेश्वरच्या बंगल्यातून निघालेली वस्तू संभाजीनगरच्या गिऱ्हाइकाकडे जाते आणि तिथून माझ्या ओट्यावर येऊन पडते. ही चौकट तशीच आली. कमरेएवढी उंच, काळीभोर, दोन आडव्या पायांवर उभी, मधे रेशमावर भरलेले बगळे आणि लव्हाळी.

“मिस्त्री, अँटिक आहे, जपानी,” गिऱ्हाईक म्हणालं. “जरा चमकवून द्या.”

जपानी आहे की नाही हे ठरवायला पुस्तक लागत नाही, कापसाचा बोळा लागतो. चौकटीच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे स्पिरिटचा बोळा हलकेच घासला. बोळ्यावर आधी तांबूस उतरलं, मग काळं. खरी जपानी उरुशी एकदा धरली की स्पिरिटला दाद देत नाही. हे उतरलं ती लाख. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, त्याखाली फिकट, बारीक पोताचं लाकूड उघडं पडलं होतं. चांगल्या जपानी कामात त्या जागी मातीच्या लुकणाचे थर दिसतात, पुष्कळदा कापडही दिसतं. इथे लाकूड, काळा रंग आणि वर पॉलिश, एवढंच. चौकटीवर कोरून सोनेरी भरलेल्या बारीक रेघा होत्या आणि पायांना पितळेची छोटी चाकं. असं काम इंग्लंडमध्ये १८७०-८०च्या सुमारास भरपूर निघालं. रेशीम मात्र जपानी हाताचं. टाका सपाट, पण त्याची दिशा पिसागणिक बदललेली. चौकट उजेडात जरा फिरवली की पांढऱ्या बगळ्याच्या अंगावर करडी सावली सरकते. तिथे करड्या रंगाचा दोरा वापरलेलाच नाही.

हे लग्न कसं जमलं त्याची गोष्ट मोठी आहे. जपानची बंदरं १८५४ नंतर परदेशी जहाजांना उघडत गेली. १८६२च्या लंडनच्या प्रदर्शनात रदरफर्ड अल्कॉक या ब्रिटिश वकिलाने तिकडे जमवलेल्या वस्तू मांडल्या आणि विलायतेत जपानचं वेड लागलं. पुढे एडवर्ड विल्यम गॉडविन याने लाकूड काळं करून, उभ्या-आडव्या पट्ट्यांचं सडपातळ फर्निचर काढलं. ख्रिस्तोफर ड्रेसर तर १८७६ साली स्वतःच जपानला जाऊन आला. तिकडे क्योटोच्या भरतकामवाल्यांचं जुनं गिऱ्हाईक, म्हणजे सरदारांचे वाडे आणि बौद्ध मठ, १८६८च्या सत्तापालटानंतर आटलं होतं. तेही परदेशी बाजारासाठी काम करू लागले. कापड जपानहून आलं, चौकट इंग्लंडमध्ये बनली. आणि चौकटीवरची लाख आपली. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात. मिर्झापूर आणि छोटा नागपूरकडची लाख कलकत्त्याच्या बंदरातून विलायतेला जात असे.

हे सगळं सांगितल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. नकली निघालं असं त्यांना वाटलं. मला तसं वाटत नाही, आणि या कामात माझा सगळा आग्रह तेवढाच होता: नक्कल आहे तर ती नक्कल म्हणूनच दुरुस्त करायची. तिला जास्त जपानी करायला जायचं नाही.

कारण उरुशी आणि लाख यांचा स्वभावच उलटा. उरुशी हा झाडाचा चीक. ते झाड आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. आंबा आणि काजूही त्याच घराण्यातले. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. जपानी कारागीरही शिकायला लागला की आधी उरुशीने उततो. बिब्ब्याचं तेल हवा लागली की काळं पडतं. धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करत आणि वरून चुना लावून त्या पक्क्या करत. उरुशी धरते तीही अशीच, हवेतल्या ओलीने. तिकडचे कारागीर उरुशी लावलेली वस्तू दमट ठेवलेल्या कपाटात वाळायला घालतात. आमच्या वैशाखात ती महिनाभर चिकटच राहील. लाखेचं बरोबर उलट. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची, बोळ्याने थर चढवायचे, स्पिरिट उडालं की थर कोरडा. पण हवा ओली असेल तर त्याच थरावर पांढुरकी झाक धरते. म्हणून आमच्याकडे श्रावणात पॉलिशचं काम शक्यतो धरत नाहीत, आणि जपानी माणूस नेमका त्या हवेत हात चालवेल. एक ओलीत पक्की होते, दुसरी ओलीत बिघडते. त्या इंग्रज कारागिराने ओलीतल्या कामाचा रंग कोरड्या कामाने साधला. मला तर त्याचं कौतुक वाटतं.

गंमत अशी की लाख ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडते. गरम चहाचा कप पॉलिशच्या टेबलावर ठेवला की पांढरं कडं उमटतं ते घरोघरी पाहिलेलं असतं. म्हणजे आगीपुढे उभी राहायची वस्तू, आणि अंगावर आगीला न सोसणारा लेप! पक्की उरुशी त्याहून कितीतरी ताव सहन करते. तिच्या वाडग्यात जपानी लोक उकळतं सूप पितात. खरी जपानी उरुशीची कामं ज्यांना बघायची असतील त्यांनी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू तिथे आहेत.

आडोशाचा विचार करताना मला आमच्याच चुली आठवल्या. माळवदाच्या घरात चुलीजवळ हातभर आडभिंत असायची. शेतातल्या कोपीत तर तुराट्यांचा कूड: तुरीची वाळलेली झाडं उभी लावायची, आडव्या कामट्यांना सुतळीने नाहीतर ओल्या सालीने आवळायची, आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. मातीत भुसा घातला नाही तर वाळताना भेगा पडतात. हा कूड माणसाला विस्तवापासून वाचवत नाही, विस्तवाला वाऱ्यापासून वाचवतो. जपानात घडीचे कागदी पडदे उभे करतात तेही मुळात वाऱ्यासाठी आणि आडोशासाठीच. त्यांच्या जुन्या भिंतीही बांबूच्या जाळीवर भाताच्या पेंढ्याची माती लिंपून केलेल्या. तेव्हा जपानी पडद्याचं सोयरं शोधायचं तर ते इंग्लंडमध्ये नाही, केळना नदीच्या काठच्या कोपीत सापडेल. पण कुडाला अँटिक म्हणून कोण विकत घेणार?

आता दुरुस्ती. मधल्या रेशमामागची लाकडी फळी उभी तडकली होती. आधी कुणीतरी ती चारी बाजूंनी सरस भरून चौकटीत पक्की केली होती. लाकूड लांबीला फारसं हलत नाही, पण रुंदीला पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. महाबळेश्वरच्या धो-धो पावसात फुगलेली फळी मराठवाड्याच्या उन्हात आली. चारी बाजूंनी जखडलेली होती, मग ती मधेच फाटली. गरम पाण्याच्या फडक्याने सरस सोडवला, पटाशीने खाच साफ केली, तड जोडली आणि फळी खाचेत नुसती बसवली, सरस न लावता. आता ती तिला हवं तेवढं आत-बाहेर करेल. चौकटीचे कुसू मात्र अजून असे घट्ट होते की एकाला हात लावायची गरज पडली नाही.

टवका उडालेल्या कोपऱ्यात नवा तुकडा बसवून तो काळा करायचा होता. बाजारात काळा रंग मिळतो, पण तो एकदम शाईसारखा बसतो. मी हिरड्याचा काढा लावला, तो सुकू दिला, आणि वरून हिराकस विरघळवलेलं पाणी फिरवलं. आपल्याकडे याच दोन जिनसांची शाई होत असे. लाकूड डोळ्यांदेखत आधी राखी होतं, मग निळसर, आणि दोन-चार मिनिटांत काळं. पण पोत दिसत राहतो. पुढे चपडीत चिमूटभर काजळी घालून बोळा फिरवला. कसर लागलेल्या कडेचं रेशीम मी शिवलं नाही. ते काम माझं नाही. मागून पातळ कागदाचा आधार देऊन थांबलो.

गिऱ्हाइकाला पॉलिश आरशासारखं हवं होतं. “पीयू मारा ना, मिस्त्री, दहा वर्षं बघायला नको.” पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारलं तर चमक येईल, पाणी सोसेल, सगळं खरं. पण पुढच्या मिस्त्रीने स्पिरिटचा बोळा घासला तर काहीच उतरणार नाही. ही चौकट कुणी केली, कुठे केली, हे वाचायची खूण मी माझ्या हाताने पुसणार. त्यावर आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी मी मजुरीत थोडं कमी केलं आणि लाखेवरच थांबलो.

नकलेचंच बोलायचं तर, आमच्याकडून असईच्या बाजूने पुढे गेलं की अजिंठ्याचा डोंगर लागतो. रॉबर्ट गिल याने तिथल्या लेण्यांतल्या चित्रांच्या केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या आर्ट स्कूलच्या मुलांकडून केलेल्या नकलांपैकी कितीतरी १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळल्या. अराई काम्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्याला येऊन नकला करून गेला, त्या १९२३च्या तोक्योच्या भूकंपात जळाल्या. त्या नकला राहिल्या असत्या तर आज भिंतीवरून पुसट झालेलं बरंच काही त्यांच्यात पाहता आलं असतं. ज्यांना नक्कल म्हणजे कमअस्सल वाटतं, त्यांना मी हे सांगतो.

चौकट न्यायला गिऱ्हाईक आलं तेव्हा तिचं करणार काय हे विचारलं. हॉलमध्ये, कूलरच्या पुढे, असं उत्तर मिळालं. कूलर दिसायला चांगला दिसत नाही म्हणे. म्हटलं, आग परवडली, कूलर नको. दिवसा त्याची ओली हवा, रात्री बंद केला की कोरडी, रेशीम एका उन्हाळ्यात सैल पडेल आणि लाखेवर पांढरं धरेल. उन्हाच्या खिडकीसमोरही नको, रेशमाचा रंग उडतो. मग ठेवायची कुठे? दोन भिंतींच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नाही तिथे, म्हटलं. ते काही पटलं नाही त्यांना. टेम्पोत चढवताना मुलाला फोन करून कूलर कोणत्या खिडकीला हलवता येईल ते विचारत होते.