गंजीच्या डोंगराची चढण

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यात, अटलांटिक महासागराच्या एका उपसागराकाठी क्रोक पॅट्रिक नावाचा डोंगर उभा आहे. आयरिश भाषेत 'क्रूआख' म्हणजे गंजी. भाताचा पेंढा रचून आपले शेतकरी जी उडवी उभी करतात, तिच्यासारखाच हा डोंगर दुरून निमुळता व रेखीव दिसतो. तेथील माणसे त्यास नुसते 'रीक' म्हणतात. त्याचाही अर्थ गंजी असाच आहे. संत पॅट्रिक यांनी इ. स. ४४१ मध्ये या माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला, अशी परंपरा आहे. त्या स्मरणार्थ दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू हा डोंगर चढतात. कित्येक जण तर अनवाणी चढतात.

या डोंगराची उंची ७६४ मीटर आहे. हा आकडा वाचून आपल्याकडील वाचकांस कदाचित हसू येईल. आपले बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे. म्हणजे रीकचा माथा बेळगावच्या बाजारपेठेहून फारसा उंच नाही! मग या चढणीचा एवढा बोलबाला का, असा प्रश्न आम्हांसही पडला होता.

त्याचे उत्तर पायथ्याशीच मिळते. मरिस्क हे पायथ्याचे गाव समुद्राच्या अगदी काठी आहे. त्यामुळे येथे डोंगराची उंची आणि पायांनी चढावयाची उंची जवळजवळ एकच. गोव्याच्या किनाऱ्यावरून चोर्ला घाटाने बेळगावास येणारी बस वळणावळणाने धापा टाकीत जेवढी उंची गाठते, तेवढीच येथे सुमारे साडेतीन किलोमीटरांच्या वाटेने स्वतःच्या पायांनी गाठावयाची. हिशेब केला, तर सरासरी पाच हात पुढे जावे तेव्हा एक हात वर, असा हा चढ आहे.

तथापि सरासरी मोठी फसवी असते, कारण ही वाट सर्वत्र सारखी नाही. तिचे तीन भाग पडतात. पहिला भाग संत पॅट्रिक यांच्या १९२८ साली उभारलेल्या पांढऱ्या पुतळ्यापासून सुरू होतो. ओढ्याच्या कडेने, खुरट्या झुडपांतून व ओलसर मातीतून वाट वर जाते. सावलीला झाड असे एकही नाही. चढ दमवणारा असला तरी सरळ मनाचा आहे. त्याला पायांखेरीज काही नको असते. दुसरा भाग डोंगराच्या खांद्यावरचा. येथे वाट बरीचशी सपाट होते, वारा अंगावर येतो आणि श्वास ठिकाणावर येतो. आपण जवळजवळ पोहोचलो, असे मनास वाटते.

मग समोर गंजीचा शेंडा दिसतो. तोच तिसरा भाग होय, आणि रीकची सारी ख्याती त्याचीच. हा शेंडा क्वार्ट्झाइट नामक कठीण, पांढुरक्या खडकाचा असून त्याचे सुटे दगड उतारभर पसरलेले असतात. चढ इतका वाढतो की ठिकठिकाणी दोन हात पुढे गेले की एक हात वर चढावे लागते. पाऊल टाकावे तो दगड खालून सरकतो. पायथ्याशी काठ्या मिळतात. त्यांचा उपयोग येथे कळतो. २०२० नंतरच्या वर्षांत कारागिरांनी डोंगराचेच दगड हातांनी बसवून या वाटेची डागडुजी केली, त्यामुळे पूर्वीची घसरण पुष्कळ कमी झाली आहे. चढ मात्र कोणास कमी करता आलेला नाही.

शेंड्याच्या बुडाशी दगडांची एक रास आहे. परंपरेप्रमाणे यात्रेकरू तिला सात प्रदक्षिणा घालतात आणि सात वेळा 'आमच्या बापा', सात वेळा 'नमो मरिये' व एकदा विश्वासांगीकार म्हणतात. भक्तीचे हे स्थान नेमके कठीण चढाच्या तोंडाशी आहे. सात फेऱ्या होईतो छातीची धडधड शांत होते व पुढील चढाकडे नीट पाहता येते. पूर्वजांनी हा विसावा किती विचाराने योजिला असेल, असे आम्हांस राहून राहून वाटले.

माथ्यावर १९०५ साली बांधलेले लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्याचे सामान गाढवांच्या पाठीवरून वर नेले होते. १९९४ साली झालेल्या उत्खननात तेथे फार प्राचीन अशा दगडी प्रार्थनागृहाचे अवशेष सापडले. हवा निर्मळ असेल तर खाली क्लू उपसागर दिसतो. त्यात वर्षाच्या दिवसांइतकी बेटे आहेत असे लोक सांगतात. पण हवेचा भरवसा नाही. इ. स. १११३ मध्ये संत पॅट्रिक यांच्या सणाच्या रात्री वीज पडून येथे उपवास करणारे तीस जण दगावले, अशी जुन्या बखरींत नोंद आहे. २०१५ साली वादळी हवेमुळे जुलैची अधिकृत यात्राच रद्द करावी लागली.

आणि खरी कसोटी उतरताना असते. चढताना दम लागतो, परंतु तोल बहुधा सांभाळतो. उतरताना गुडघे थकलेले, दगड सुटे आणि मन घरी पोहोचलेले असते. घोटा मुरगळतो, हाड मोडते. म्हणूनच यात्रेच्या रविवारी डोंगरभर बचाव पथके व स्ट्रेचर सज्ज ठेवावे लागतात. चढण्यास सुमारे दोन तास व उतरण्यास दीड तास लागतो. एवढ्या लहान अंतरास दीड तास का, हे उतरणाराच जाणतो.

मग हा डोंगर कोणी चढावा? दोर लागत नाही, कडा लागत नाही; निरोगी व सबुरीच्या माणसास तो खचित साध्य आहे. ज्यांचे गुडघे वा हृदय साथ देत नाही, त्यांनी खांद्यापर्यंत जाऊन प्रार्थना करावी व परतावे. असे परतणारे आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांत म्हाताऱ्या आज्या होत्या, लेकरे कडेवर घेतलेल्या माता होत्या. त्यांना कोणी हिणवीत नव्हते. वर जाणारेच वाट देत होते.

वाचकहो, कोणत्याही डोंगरावर जाताना त्याची उंची तेवढी विचारू नये. पायथा कोठे आहे, पायाखाली काय आहे, आभाळ कसे आहे, आणि उतरावयास अंगात किती बळ उरेल, हेही विचारून घ्यावे. यात्रा माथ्यावर पुरी होत नाही. ती घरच्या उंबरठ्यावर पुरी होते.